तक्रार झाली, संघाचं काय?

गेल्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या तालुक्यातल्या एका गावात मुलींचा मेळावा होता. गाणी झाली, भाषणं झाली, चहा झाला. मी चपला शोधत होते, तेवढ्यात हायस्कूलच्या गणवेशातली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही. ती म्हणाली, "ताई, आमचा खो-खोचा संघ तुम्हीच बंद पाडला ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट खात्री करून घ्यायला विचारावी तसं तिनं विचारलं. "अगं, आम्ही बंद नाही पाडला, आम्ही तर तुमच्यासाठीच..." असं म्हणता म्हणता मी थांबले. तिच्यासाठीच म्हणजे काय, हे मला सांगता येईना. ती "बरं" म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर निघून गेली.

त्या प्रश्नानं माझी पाठ सोडलेली नाही. संघटनेत काम करणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यावर बोलावं म्हणून हे लिहिते आहे.

काय झालं होतं

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. तिथे गणित-विज्ञान शिकवणारे एक सर होते. कॉलेजात असताना स्वतः खो-खो खेळलेले. करोनानंतर शाळा उघडल्या तसा त्यांनी मुलींचा संघ उभा केला. सकाळी साडेसहाला सर मैदानावर हजर. फक्की स्वतः आणायची, रेघा स्वतः मारायच्या. ज्या मुली त्या वेळेला पाण्याच्या खेपा घालत असत, त्यांच्या घरी जाऊन त्यांनी आयांना गळ घातली. त्या वर्षी हा संघ केंद्रात पहिला आला आणि तालुक्याला गेला.

तालुक्याची स्पर्धा दोन दिवसांची. रात्री एका हायस्कूलच्या वर्गखोलीत मुक्काम. बारा मुली आणि सोबत दोन शिक्षक, दोघेही पुरुष. त्या रात्री सातवीतल्या एका मुलीला पाळी आली. आयुष्यातली पहिली. जवळ ना पॅड ना फडकं. संडासाला आतून कडी नाही. तिनं एका मैत्रिणीला सांगितलं, दोघींनी मिळून ओढणी फाडली. दुसऱ्या दिवशी सामना. पळतीला उतरल्यावर ती पळेना. अंग चोरून, गुडघे जवळ घेऊन उभी राहिली आणि पहिल्याच झपाट्यात बाद झाली. सरांना वाटलं, पोरगी मन लावून खेळत नाही. मध्यंतरात त्यांनी सगळ्यांच्या देखत तिच्या थोबाडीत मारली.

दोन दिवसांनी तिनं आईला सांगितलं. आई शेतमजूर. ती आमच्या साप्ताहिक बैठकीला आली आणि म्हणाली, "मारलं त्याचं काय नाय ओ ताई. पर तिला तसलं झाल्यालं असताना मारलं."

आम्ही लगेच कामाला लागलो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई. गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन दिलं, स्थानिक पेपरात बातमी आली. पंधरा दिवसांत सरांना दुसऱ्या शाळेवर पाठवलं. आमच्या त्या वर्षीच्या अहवालात ही घटना 'यशस्वी हस्तक्षेप' या मथळ्याखाली छापली आहे. तो मजकूर माझाच आहे.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या याद्या गेल्या तेव्हा त्या शाळेतून मुलींच्या संघाचं नावच गेलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, उगीच भानगड नको. मुलांचा कबड्डीचा संघ पाठवलाय." शाळा व्यवस्थापन समितीत कुणी हरकत घेतली नाही. एका मुलीचे वडील तर म्हणाले, "बरं झालं. पोरगी मोठी व्हायलाच लागली होती."

त्या बारा मुलींपैकी दोघींची शाळा सातवीनंतर सुटली. एकीचं लग्न झाल्याचं आम्हाला लग्न होऊन गेल्यावर कळलं. खेळ चालू असता तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण रोज सकाळी साडेसहाला त्यांना कुणीतरी हाक मारत होतं. एखादी आली नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येत होतं. ते बंद झालं, आणि त्यात आमचा हात होता.

कायदा आमच्या बाजूनं होता आणि थप्पड चूकच होती. आजही असं घडलं तर मी निवेदन देईन. पण त्या वेळी आम्ही बारा जणींपैकी एकीलाही विचारलं नव्हतं, की बाई, तुम्हाला काय हवंय?

एका हातातला संघ

यानंतर मी आमच्या तालुक्यातल्या दहा-बारा शाळा फिरले. प्राथमिक शाळेतला संघ नेमका चालतो कसा, एवढंच विचारत होते. उत्तरं जवळपास सगळीकडे सारखी मिळाली.

पहिली गोष्ट म्हणजे प्राथमिक शाळेत क्रीडाशिक्षक नावाचा माणूस सहसा नसतोच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तरच कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचा आहे. वाडीवस्तीवरच्या किती शाळांत या तीन वर्गांत शंभर मुलं असतात? त्यामुळे 'खेळ' हा विभाग वर्गशिक्षकांपैकी एकाच्या गळ्यात पडतो. ज्याला आवड असते तो करतो. ज्याला नसते तो स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस शिट्टी फुंकतो.

आवड असलेला शिक्षक मग सगळंच करतो. संघात कोण, हे तोच ठरवतो. बाहेर कोण बसणार, हेही तोच ठरवतो. सरावाची वेळ त्याची. मुलींनी काय घालून खेळायचं, हे तो सांगतो. संमतीपत्रावर पालकांच्या सह्या तो आणतो, आणि बहुतेक आया ते न वाचताच अंगठा किंवा सही करतात. गाडी तो ठरवतो आणि मुलींना घेऊनही तोच जातो. कपड्यांची वर्गणी तो गोळा करतो, बक्षिसाची रक्कम आली तर ती त्याच्याच खिशातल्या वहीत राहते. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला कुणाचं नाव पाठवायचं, हे तो सुचवतो. आणि मुलीची काही तक्रार असेल तर ती ऐकायची कुणी? त्यानंच.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. घरातल्या कर्त्या पुरुषाबद्दल बोलताना आपण हीच यादी करतो. पैसा त्याच्या हातात, बाहेर जायची परवानगी त्याच्या हातात आणि न्यायनिवाडाही त्याच्याच हातात. कर्ता पुरुष प्रेमळ असला तरी ती व्यवस्था न्याय्य होत नाही, हे आपण गेली पन्नास वर्षं सांगत आलो. मैदानावर मात्र आपण एवढंच विचारतो, सर चांगले आहेत ना? चांगले असले की आपण निर्धास्त, वाईट निघाले की आपला मोर्चा. सर चांगले की वाईट यावर मुलींची सुरक्षितता आणि मुलींचा खेळ दोन्ही का टांगून ठेवायचं, हा प्रश्न आपण विचारलेला नाही.

ज्या सरांविरुद्ध आम्ही निवेदन दिलं होतं त्यांना मी नंतर भेटले. भेटावं की नाही, यावर संघटनेत बराच वाद झाला. त्यांनी थपडेचं समर्थन केलं नाही. "माझी चूक झाली, मी त्या पोरीच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर ते बोललो," असं म्हणाले. तिच्या आईला विचारलं तर ते खरं निघालं. मग ते म्हणाले, "पण मला एक सांगा ताई. बारा मुलींना घेऊन दोन पुरुष मास्तर मुक्कामाला गेले, ते कुणाच्या परवानगीनं? मी मुख्याध्यापकांना म्हणालो होतो, एखाद्या बाई द्या. दोन बाई आहेत शाळेत. दोघी तालुक्याच्या गावाहून येऊन-जाऊन करतात, दोघींच्या घरी लहान लेकरं. मी गावात बोललो, कुणा एकीची आई चला. कुणी आलं नाही. तुम्हीसुद्धा त्याच गावात बैठका घेत होता."

मला ते झोंबलं. आमची बैठक त्या शाळेच्या मागच्याच समाजमंदिरात दर गुरुवारी भरायची. शेजारच्या मैदानावर मुली खेळतात, हे आम्हाला माहीत होतं. येता-जाता कौतुकानं बघायचोही. पण ते आपलं काम आहे असं आम्हाला वाटलं नाही.

आपण शेवटचं कधी पळालो?

का वाटलं नाही? मला वाटतं, खेळ म्हणजे चैन, हा आपल्या मनातलाही समज आहे. चळवळीत आपण बाईला पाहिलं ते हुंड्यासाठी जाळलेली, नवऱ्यानं टाकलेली, बलात्कार झालेली, रोजगार हमीवर राबणारी बाई म्हणून. ते पाहणं आवश्यक होतं आणि आजही आहे. पण आनंदानं धावणारी मुलगी दिसली, तर तिच्याबाबत आपल्याकडे कार्यक्रमच नव्हता. तिच्यावर अन्याय झाल्यावरच ती आपल्या वहीत आली.

मागच्या पावसाळ्यातल्या एका शिबिरात मी बायकांना विचारलं, "तुम्ही शेवटच्या कधी पळालात? एस.टी. पकडायला नाही, म्हशीमागं नाही. खेळायला म्हणून." आधी हशा झाला. मग एकेक जण सांगू लागली. "पाळी आली आन् आईनं बंद केलं." "चौथीपातूर." "लगीन ठरलं तवा." पस्तीस बायकांत चाळिशीच्या एका बाईनं सांगितलं, की ती शाळेत खो-खोत पोल मारायची. तिला तिच्या बाईंचं नाव आठवत होतं, समोरच्या संघाचं गाव आठवत होतं, आपण किती गडी बाद केले तेही आठवत होतं. सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता! ती आमच्या बैठकीला सहा वर्षं येते आहे आणि आम्ही हे तिला कधी विचारलंच नव्हतं.

बाईच्या शरीराबद्दल आपण खूप बोलतो. आपलं शरीर आपलं आहे, अशा घोषणाही देतो. पण शरीर आपलं आहे हे मुलीला कळतं कुठे? भाषणात कळत नाही. झपाट्यानं अंग वळवून पाठलाग करणारीच्या हाताखालून निसटताना कळतं. आठ जणी आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेल्या असतात आणि पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की क्षणात उठायचं असतं, तेव्हा कळतं. या खेळाला ना बॅट लागते ना बूट. आपल्याच मातीतला खेळ. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या महिला संघानं नेपाळला हरवून जिंकला आणि त्या संघाची कप्तान होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. या बातम्या आपल्या किती गटांत वाचल्या गेल्या?

आणि केवळ आनंदाची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं होतं. अशा राज्यात सहावी-सातवीतल्या मुलीला संघात जागा असणं म्हणजे गावाबाहेर पडायचं एक निमित्त हाती असणं. प्रबोधिनीची चाचणी, पुढे वसतिगृह, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेलं ५ टक्के आरक्षण. हा रस्ता फार थोड्या जणींसाठी उघडतो हे खरं. पण त्याची पहिली पायरी प्राथमिक शाळेतल्या फक्कीच्या रेघेवर असते, आणि त्या पायरीवर कुणाला चढू द्यायचं, हे एकटा माणूस ठरवत असतो. त्याची सत्ता यातूनच येते. मुली आणि त्यांचे पालक गप्प बसतात तेही यामुळेच.

हे केवळ आमच्या गावचं नाही

१९९० साली हरियाणात पंचकुल्याला टेनिस खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या रुचिका गिरहोत्राचा विनयभंग झाला. तो करणारा मोठा पोलीस अधिकारी होता आणि राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्षही तोच होता. पुढे तिला शाळेतून काढलं गेलं, तिच्या भावावर चोरीचे खटले भरले गेले, १९९३ मध्ये तिनं आत्महत्या केली. त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवायला २००९ साल उजाडलं. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या नामवंत कुस्तीगिरांना आपल्या महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसावं लागलं आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं ते साऱ्या देशानं पाहिलं. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या बाईची ही गत, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बारा वर्षांच्या पोरीनं कुणाकडे जायचं?

आमच्या गावची थप्पड आणि हे गुन्हे एकाच मापाचे आहेत असं मी म्हणत नाही. पण मुळाशी रचना एकच आहे. निवड करणारा, पैसा सांभाळणारा, प्रवासाला नेणारा आणि तक्रार ऐकणारा एकच. अशी रचना चांगल्या माणसाला बेफिकीर बनवते आणि वाईट माणसाला रान मोकळं करून देते.

कायदे नाहीत असं नाही. १९९७ चा विशाखा निवाडा, २०१२ चा बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा, कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. यांतला प्रत्येक आपण लढून मिळवला. पोक्सोखाली गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायला सांगितलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना घडली आणि या समित्या किती ठिकाणी कागदावरच आहेत याची चर्चा राज्यभर झाली. मी फिरले त्या शाळांत समितीच्या नावांचा फलक बहुतेक ठिकाणी होता. फलकावर नाव असलेल्या बायकांना आपलं नाव तिथं आहे हे माहीत असल्याचं मात्र क्वचितच आढळलं.

आणि समिती जागी असली तरी ती घटना घडल्यावर बसते. रोजच्या सकाळी साडेसहाच्या मैदानाचा कारभार तिच्या कक्षेत येतच नाही.

मग काय करायचं?

एक उत्तर आपल्या बैठकांत हमखास येतं : मुलींसाठी बाईच प्रशिक्षक नेमा. मागणी योग्य आहे आणि ती करत राहिलं पाहिजे. पण तेवढ्यावर थांबू नये. बाईच्या हातातही छडी असू शकते, आणि एकटीच्या हातात सगळा कारभार असेल तर तीही बेफिकीर होईल. शिवाय घरचा सगळा भार तसाच ठेवून शिक्षिकांनी पहाटे मैदानावर यावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

दुसरं उत्तर पालकांचं असतं : मुलींना मुक्कामाला पाठवूच नका. हे उत्तर नवीन नाही. बाईवर संकट येईल म्हणून बाईला घरात ठेवा, हे आपण जन्मल्यापासून ऐकतो आहोत. शाळेनं संघ बंद केला तेव्हा हेच केलं आणि आमच्या निवेदनानं त्याला सबब पुरवली.

मला वाटणारं उत्तर साधं आहे. संघ एका माणसाच्या हातातून काढून गावाच्या हातात द्यायचा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती त्यासाठीच आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. समग्र शिक्षा योजनेतून २०१८ पासून खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याचा हिशोब विचारायचा या समितीला पूर्ण अधिकार आहे. मी विचारलं त्या समित्यांतल्या एकाही बाईनं तो कधी विचारलेला नव्हता. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी एका शाळेत आम्ही हे करून पाहिलं. शाळा दुसरी, सरही दुसरे. सुरुवातीला सर नाराज होते. त्यांना वाटलं आम्ही पाळत ठेवायला आलो. आम्ही सांगितलं, तुमचं शिकवणं तुमच्याकडे, बाकीचं ओझं आमच्याकडे द्या. मग समितीच्या बैठकीत एकेक गोष्ट ठरवली. संघनिवड शनिवारी, सगळ्यांसमोर, आयांना बोलावून. संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. सरावाला सरांखेरीज आणखी एक मोठं माणूस हजर. त्यासाठी आयांनी वार वाटून घेतले. प्रवासाला एक बाई बरोबर असल्याशिवाय गाडी हलणार नाही. एका पिशवीत पॅड, जादा पँट, साबण, टॉवेल. ती पिशवी सातवीतल्या दोन मुलींच्या ताब्यात, कुणाला विचारावं न लागता. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे ज्या मुलीची पाळी तीच ठरवील. वर्गणी आणि बक्षिसाचा हिशोब समितीच्या वहीत. आणि तक्रार ऐकायला अंगणवाडीच्या ताई, कारण संघनिवडीत त्यांचा संबंध नाही.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. वार वाटून घेतलेल्या आठ आयांपैकी सुगीत तिघी उरल्या. स्पर्धेला बरोबर जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. तो कुणी भरायचा, यावर समितीत भांडण झालं. शेवटी आम्ही गटातून वर्गणी काढली, पण दरवर्षी ते जमणार नाही. ती तरतूद सरकारनंच केली पाहिजे आणि ही मागणी आपण जिल्हा पातळीवर नेली पाहिजे. संघनिवडीच्या दिवशी दोन आया एकमेकींवर धावून गेल्या. एका मुलीच्या आजीनं पॅडच्या पिशवीवरून गावभर शिव्या घातल्या. आणि इतकं करून संघ केंद्राच्या दुसऱ्याच सामन्यात हरला.

पण हरल्यावर संघ बंद पडला नाही. मधल्या काळात सरांची बदली झाली, तरीही पडला नाही. नवीन आलेल्या सरांना आयांनीच जाऊन सांगितलं, "आमच्या पोरींचा सराव साडेसहाला असतो." आमच्या पहिल्या गावात सर गेले आणि संघ गेला. इथे सर गेले आणि संघ राहिला. दोन गावांतला फरक मला एवढाच दिसतो.

मैत्रिणींनो,

आपल्या भाषेत 'खो देणं' आणि 'खो घालणं' यांत केवढा फरक आहे! खो दिला की दुसरी उठून धावते. खो घातला की चाललेलं काम बंद पडतं. २०२२ साली आम्ही मुलींच्या बाजूनं उभं राहायला गेलो आणि त्यांच्याच खेळाला खो घातला. त्या मुलीच्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर हेच आहे. हे उत्तर द्यायला मी तिच्या घरी गेले होते. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आता मी नाही खेळत. हायस्कूलला मुलींचा संघच नाही. पण माझी बहीण पाचवीत आहे."

म्हणून विनंती आहे. हा अंक हातात पडेल त्या आठवड्यात आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या, महानगरपालिकेच्या वॉर्डातल्या प्राथमिक शाळेत जा. तक्रार घेऊन जाऊ नका, चौकशीला जा. मुलींचा संघ आहे का? नसेल तर का नाही? संघ कोण निवडतं? स्पर्धेला सोबत कोण जातं? खेळाच्या अनुदानाचं काय झालं? मुलीनं तक्रार कुणाकडे करायची? आणि ही सगळी माहिती घेऊन झाली, की थोडा वेळ मैदानाच्या कडेला बसून मुलींनाही विचारा.

काय उत्तरं मिळाली, ते लिहून पाठवा. जिथे संघ चालू आहे तिथलं लिहा आणि जिथे बंद पडला तिथलंही लिहा. विशेषतः जिथे आपल्यामुळे बंद पडला असेल, तिथलं.